एकाच मापाचे दोन रूळ

ठाण: निळी पानं, सुती
दोष: ठिपका, तपकिरी
अंतर: चौसष्ट सेंटीमीटर, दर वेळी तेवढंच
कारण: छपाईचा रूळ
तपासलं: भिंग

भिंग म्हणजे मी. कारखान्यात मला नावाने कोणी हाक मारत नाही. बारा वर्षं माझ्यासमोरून कापड जातंय आणि मी त्यात खोट काढतेय. टेबलाचा वरचा भाग दुधी काचेचा, खाली चार ट्यूबलाइट. कापडाचं ठाण या टोकाला उलगडतं, उजेडावरून सरकतं, त्या टोकाला गुंडाळलं जातं. माझा उजवा पाय पट्टीवर. डाग दिसला की पाय दाबायचा, कापड थांबतं. काठाला लाल दोरा बांधायचा, चिठ्ठी भरायची, पाय सोडायचा. लहान डागाला एक गुण, मोठ्याला चार. जितके गुण जास्त तितकं ठाण वाया. गुण मिळवून नापास होण्याची एवढी एकच परीक्षा मला माहीत आहे.

समोरच्या भिंतीवर कोणीतरी फार पूर्वी रंगाने लिहून ठेवलंय:

अंतर सारखं, दोष यंत्राचा.
अंतर वेगवेगळं, दोष सुताचा.

यंत्राचा दोष काढता येतो. रूळ पुसा, घासा, बदला. सुताचा दोष मुळातला, तो कापडाबरोबरच जन्माला आलेला असतो. म्हणून डाग दिसला की आम्ही आधी मोजपट्टी लावतो, आणि पुढचा डाग बरोबर तेवढ्याच अंतरावर आला की आमचा जीव भांड्यात पडतो.

हा नियम मी माझ्या अंगाला लावला. अकरा महिने.

*

ठाण: मी, वय चौतीस
दोष: ठिपका, मोहरीएवढा, फिकट
जागा: चौदावा दिवस
कारण:

पाळी संपून आठ-नऊ दिवस झाले होते. पुढची यायला अजून दोन आठवडे होते. सकाळी आंघोळीला गेले तर कपड्याला एवढासा ठिपका. असं माझं कधी झालं नव्हतं. घरात विचारायला कोणी नव्हतं, ड्रायव्हरसाहेब पहाटेच गाडी घेऊन निघाले होते. ड्रायव्हरसाहेब म्हणजे माझा नवरा. लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, दहा-बारा दिवस रस्त्यावर, दोन दिवस घरात. 'साहेब' ताईंनी जोडलंय, थट्टेने.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. वरच्या मजल्यावर राहतात. अठरा वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरला आहेत. आमच्या गल्लीत कोणाला ताप आला, चक्कर आली, बाळाचं पोट फुगलं, तर लोक डॉक्टरच्या आधी ताईंकडे जातात. त्या चिठ्ठी न बघता गोळी काढून देतात आणि वर म्हणतात, "नाही बरं वाटलं तर डॉक्टरला दाखवा हं."

मी चहा घेऊन वर गेले.

"पाळी कधी आली होती?" ताईंनी विचारलं.

"एकोणतीसला."

"आणि आज बारा." त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. एकदा मोजलं, परत मोजलं. मग कप खाली ठेवला. "चौदावा. अगं भिंगबाई, चेहरा कशाला पाडलायस? अंडं फुटलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं यंत्र नीट चालतंय. सहा वर्षं आपण वाट बघतोय की नाही? आता ते स्वतःच सांगतंय, आज, आज. अजून काय पत्रिका छापून पाठवायला हवी तुला?"

त्या हसल्या. मीही हसले. हसायला मिळालं म्हणूनच जास्त हसले.

संध्याकाळी त्या खाली आल्या ते एक पान घेऊन. दुकानात एका औषध कंपनीचा माणूस फुकट पुस्तिका ठेवून गेला होता, त्यातलं फाडलेलं. माझ्या कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर लावलेलं असतं. ताईंनी ते पान कॅलेंडरच्या वरच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलं. त्यावर लिहिलं होतं: कधीकधी, काहीजणींना, अंडं बाहेर पडण्याच्या सुमारास, म्हणजे दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर, थोडासा डाग दिसू शकतो. तो एक-दोन दिवसांत आपोआप थांबतो.

'अंडं बाहेर पडण्याच्या सुमारास' या शब्दांखाली ताईंनी पेनाने दोनदा रेघ मारली होती. 'कधीकधी' आणि 'काहीजणींना' यांच्याखाली काही नव्हतं.

मी लाल पेनाने त्या तारखेच्या चौकटीत ठिपका काढला.

कारण: अंडं.

*

पुढच्या महिन्यापासून ताईंनी सूत्रं हातात घेतली. ड्रायव्हरसाहेबांनी दोन-दोन दिवसांच्या सुट्ट्या एकत्र करायच्या, दुसऱ्या ड्रायव्हरशी फेरी बदलायची आणि महिन्यातून एकदाच, पण सलग चार दिवस घरी यायचं. अकराव्या दिवशी संध्याकाळी यायचं, पंधराव्याला सकाळी जायचं.

"माझ्या आयुष्याचं टाइमटेबल आता माझी बहीण लावणार," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"तुझ्या हातात होतं तेव्हा सहा वर्षं काय उजेड पाडलास?" ताई म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

ते आले. आणि तेराव्या दिवशी सकाळी डाग दिसला. त्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, त्याच्याही पुढच्या. कधी तेराव्याला, कधी चौदाव्याला. आमच्या घरात त्याला एक शब्द झाला. ड्रायव्हरसाहेब दात घासता घासता न्हाणीघराच्या दाराबाहेरून हळूच विचारायचे, "दिसला?"

मी आतून म्हणायची, "दिसला."

मग ते शीळ घालायचे. चहा स्वतः करायचे. वर जाऊन ताईंना सांगायचे. पाळी यायची ती येतच होती, पण ती आली तरी घरात पूर्वीसारखं सुतक नसायचं. आता आमच्याकडे पुढची तारीख असायची.

एकदा मी म्हटलं, "ताई, एकदा डॉक्टरांना दाखवू का? नुसतं विचारून येते."

त्यांनी भाजी चिरायची सुरी थांबवली. "आणि डॉक्टरने गोळी देऊन डाग बंद केला तर? मग दिवस कसा कळायचा आपल्याला?"

हे मला पटलं. आज लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा अगदी पटलं. डाग गेला तर आमच्याकडे काय उरणार होतं?

*

पहिला महिना: मोहरी.
दुसरा: मोहरी.
तिसरा: मसूर.
चौथा: मसूर. गुलाबी नाही आता, लाल.
पाचवा: शर्टाचं बटण.
सहावा: कोटाचं बटण. कंबर दुखली. बारा तास उभी असते, दुखणारच.
सातवा: दोन दिवस. "छान मोठं अंडं असेल," ताई.
आठवा: चादरीला लागलं. चादर मी ते उठायच्या आत बदलली.

तपासणीच्या टेबलावर असं ठाण आलं असतं तर आठव्या डागाला मी चार गुण दिले असते आणि सुपरवायझरला हाक मारली असती. एकाच जागी येणारा डाग दर फेरीला मोठा होत असेल तर काहीतरी झिजतंय, नाहीतर काहीतरी वाढतंय. हे कारखान्यातल्या नवख्या मुलीलाही कळतं.

मी मात्र अंतर मोजत होते. अंतर सारखं होतं.

*

ठाण: निळी पानं, सुती (परत आलेलं)
दोष: ठिपका, तपकिरी
अंतर: चौसष्ट
कारण: छपाईचा रूळ (रूळ दोनदा घासला. डाग तसाच.)

त्याच दिवसांत निळ्या पानांनी कारखान्याची झोप उडवली होती. छपाईच्या रुळाचा घेर चौसष्ट सेंटीमीटर. डागाचं अंतर चौसष्ट. यात विचार करण्यासारखं काय होतं? रूळ काढला, घासायला पाठवला, परत बसवला. डाग. परत पाठवला. डाग. नवा रूळ मागवला, तो चढवला. पहिल्या अर्ध्या मीटरला काही नाही, सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात. मीटर पुरा व्हायच्या आत डाग.

सुपरवायझर माझ्यावर घसरला. "भिंग, तुझ्या डोळ्यांतच डाग पडला असेल."

"डोळ्यातला डाग चौसष्टावर नसतो पडत, सर."

तेलनाना नावाचे आमचे यंत्र बघणारे आहेत. कोपरापर्यंत कायम तेल, म्हणून तेलनाना. तीन आठवडे ते काही बोलले नव्हते. त्या दिवशी ते माझ्या टेबलाजवळ आले आणि ठाणाकडे नुसते बघत राहिले.

"चौसष्ट घेराचे किती रूळ आहेत गं त्या यंत्रात?"

"एकच ना? छपाईचा."

"दोन. दुसरा बाहेर पडताना कापड ओढणारा. तो कोणाच्या लक्षातच नसतो. बिचारा न रंगवता फिरतो." त्यांनी तेलकट बोट काचेवर ठेवलं. "माप जुळलं की आपण पहिल्यालाच धरतो. दोघं सारख्याच मापाचे, बरोबरीने फिरणार. नुसतं मोजत बसलीस तर जन्मभर कळायचं नाही कोणाचा डाग."

"मग कळतं कसं?"

"एकाला थांबव. दुसरा फिरू दे. डाग आला तर चालणाऱ्याचा. गेला तर थांबलेल्याचा."

त्यांनी कापड ओढणाऱ्या रुळावरचा सुकलेला डिंकाचा थर खरवडला. माझ्या नखाएवढा होता. निळी पानं स्वच्छ आली.

मी चिठ्ठीवरचं 'छपाईचा रूळ' खोडलं. खोडताना कुठेतरी काहीतरी टोचलं, पण काय ते कळलं नाही.

*

नववा महिना. फोन.

"अगं, घाटात दरड कोसळलीय. गाड्या अडकल्यात. चार दिवस तरी लागतील."

"आज अकरावा आहे."

"मला माहितेय आज अकरावा आहे. दरडीला सांगू का?"

"जेवलात का?"

"बिस्किटं आहेत. ताईला तू सांग. मी सांगितलं तर तीच येईल दरड उपसायला."

तेरावा गेला. चौदावा गेला. पंधरावा, सोळावा. कपडा स्वच्छ. रोज सकाळी मी न्हाणीघरात दिव्याखाली धरून बघितला, दोन्ही बाजूंनी. दरड हटल्यावर ते तसेच पुढच्या फेरीला गेले, त्या महिन्यात घरी आलेच नाहीत.

वरच्या मजल्यावर:

"नाही दिसला, ताई."

"अं? होतं असं. एखाद्या महिन्यात अंडं नाही फुटत. थकव्याने. तू दूध घेत जा."

दहावा महिना. ते आले ते एकविसाव्या दिवशी, कारण अडकलेल्या गाड्यांच्या फेऱ्या सगळ्या पुढे सरकल्या होत्या. चौदाव्याला काहीच दिसलं नव्हतं. बाविसाव्या दिवशी सकाळी दाराबाहेरून आवाज आला.

"आज विचारण्यात अर्थ नाही ना?"

मी कपड्याकडे बघत होते. तळहाताएवढा.

"अगं?"

"दिसला," मी म्हटलं.

ते शीळ घालत वर गेले. वरून ताईंचा आवाज आला, "उशिरा फुटलं! उशिरा फुटलं म्हणजे फुटलं तर खरं."

मी न्हाणीघरातच उभी राहिले. ताईंकडे डाग आला तर कारण होतं, नाही आला तर कारण होतं, उशिरा आला तरी कारण होतं. निळ्या पानांच्या वेळी सुपरवायझरकडेही असंच होतं. तीन आठवडे त्याच्याकडे रोज एक नवं कारण असायचं आणि दर वेळी दोषी तोच रूळ.

एकाला थांबव. दुसरा फिरू दे.

कोणता रूळ थांबला होता नवव्या महिन्यात?

*

ठाण: कॅलेंडर, दोन
दोष:
अंतर:
कारण:

ड्रायव्हरसाहेबांची मालवाहतूक कंपनी दर वर्षी दोन कॅलेंडरं देते, अगदी सारखी. एक स्वयंपाकघरात टांगलेलं असतं. ते घरी असतील त्या तारखांवर मी पेन्सिलीने फुली मारते, म्हणजे दूध किती घ्यायचं ते कळतं. दुसरं कपाटाच्या दाराच्या आत. त्यावर लाल ठिपके. एक सगळ्यांसाठी उघडं, एक कोणाला दिसू नये असं. ती दोन कधी एकमेकांसमोर आलीच नव्हती.

दोन्ही पिशवीत घालून मी कामावर नेली. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला. टेबलावर कापड नव्हतं. मी खालचे दिवे लावले.

फुल्यांचं पान खाली ठेवलं, ठिपक्यांचं वर. चौकटीवर चौकट बसली.

पहिला महिना: फुल्या, आणि फुल्यांना चिकटून ठिपका. दुसरा, तिसरा. हे मला माहीतच होतं. ते मध्यावर येणार असं आम्हीच ठरवलं होतं ना. मध्य आणि ते, दोन्ही एकाच मापाचे. बरोबरीने फिरणारे.

नववा महिना: फुल्या नाहीत. ठिपका नाही.

दहावा महिना: मध्यावर काही नाही. एकविसाव्या दिवसापासून फुल्या. बाविसाव्याला ठिपका.

पान धरलेला हात काचेवर होता आणि काच गरम होती. मी परत पहिल्यापासून बघितलं. फुल्यांना सोडून एकही ठिपका नव्हता. एकही.

डाग दिवसाचा नव्हता. डाग त्यांच्या येण्याचा होता. ते जवळ आले की आत कुठेतरी रक्त येत होतं, आणि आम्ही चहा करत होतो.

दिवे बंद करायला वाकले तेव्हा लक्षात आलं. कॅलेंडर उचलताना वरचा पुठ्ठा वाकला होता आणि ताईंनी चिकटवलेलं ते पुस्तिकेचं पान डिंक सुकून सुटलं होतं. ते काचेवर पडलं होतं. खालून उजेड येत होता, त्यामुळे मागच्या बाजूची अक्षरं उलटी दिसत होती. छपाईचं कापड आम्ही मागूनही तपासतो, उलटं वाचायची मला सवय आहे. तरी मी पान उलटलं नाही. उलटंच वाचलं, एकेक अक्षर, जणू तसं वाचलं तर ते कमी खरं ठरेल.

मात्र डाग दर महिन्याला येत असेल, वाढत असेल, किंवा शरीरसंबंधानंतर दिसत असेल, तर तो अंडं बाहेर पडण्यामुळे आहे असं गृहीत धरू नका. कारण साधं असू शकतं. पण गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी लगेच करून घ्या.

वाक्य 'मात्र' या शब्दाने सुरू होत होतं. त्या 'मात्र'च्या आधीचं सगळं आमच्या बाजूला होतं. ताईंनी पान फाडलं तेव्हा 'मात्र' भिंतीकडे तोंड करून चिकटला.

हॉलच्या दारात तेलनाना डबा धुऊन परतत होते.

"सुट्टीतही खोट काढतेस?" ते म्हणाले.

मी कॅलेंडरं गुंडाळली. "नाना, मला उद्या सुट्टी हवीय. सुपरवायझरला सांगाल?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "सांगतो," म्हणाले.

*

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान असावी. खोलीत एक टेबल, त्यावर कागदाची लांब पट्टी अंथरलेली, दर बाईनंतर ती पुढे ओढायची. तिने पायाने खालची पट्टी दाबली आणि टेबल वर उचललं गेलं. तिने दिवा जवळ ओढला.

मी छताकडे बघत होते. पत्र्याच्या नळीचा एक सांधा नीट बसला नव्हता.

ती बराच वेळ काही बोलली नाही. काम करणाऱ्या माणसाचं हे गप्प बसणं मला ओळखीचं आहे. पाय पट्टीवर असतो तेव्हा मीही अशीच गप्प होते.

"नुसता कापसाचा बोळा लागला तरी रक्त येतंय इथे," ती म्हणाली. "किती दिवसांपासून आहे हे?"

"अकरावा महिना चाललाय."

"आणि दाखवलं नाहीत?"

"चांगलं लक्षण आहे असं वाटत होतं."

ती हसली नाही, रागावलीही नाही. चिमूटभर नमुना काढून तिने काचेच्या बाटलीत टाकला. बाटलीवर माझं नाव लिहिलं, खरं नाव. तिच्या अक्षरात ते दुसऱ्याच कोणाचं तरी वाटलं.

"हे बघा," ती म्हणाली, "मध्येच डाग दिसतो अशा कितीतरी बायका माझ्याकडे येतात. बहुतेकींचं किरकोळ निघतं. कोणाला अंडं सुटताना खरंच दिसतो, कोणाला गोळ्यांमुळे, कोणाला आत छोटा कोंब असतो, कोणाला जंतू झालेले असतात. पण ते आत बघून ठरवायचं. कॅलेंडरवर मोजून नाही."

"तुम्ही बघितलंत ना आता."

"बघितलं."

"मग?"

"आठ दिवस द्या मला," ती म्हणाली आणि हात धुवायला वळली.

ड्रायव्हरसाहेबांना मी फोनवर एवढंच सांगितलं की तपासणी करून घेतलीय, आठ दिवसांनी रिपोर्ट. ते खूश झाले. मुलासाठी करतात तसली तपासणी, असं त्यांना वाटलं. मी खुलासा केला नाही. आठ दिवस मला चालले असते, फक्त कोणी काही विचारायला नको होतं.

*

ठाण: पांढरं, कोरं, छपाईपूर्वीचं
दोष: बाराव्या मीटरला एक गाठ
कारण: सूत

आठव्या दिवशी दुपारी मी टेबलावर असताना फोन आला. दवाखान्यातली मुलगी होती.

"आज संध्याकाळी याल का? मॅडम म्हणाल्या, स्वतः या. आणि येताना सोबत कोणाला तरी आणा."

"कोणाला आणू?"

ती अडखळली. हा प्रश्न तिला कोणी शिकवलेला नसावा. "कोणीही," ती म्हणाली. "घरचं."

ठाण अर्धं झालं होतं. आमच्याकडे सुरू केलेलं ठाण मध्ये सोडत नाहीत. सोडलं तर पुढची बाई उरलेल्यावर सही करते आणि कोणाची चूक कुठे ते कधीच कळत नाही. मी पाय सोडला. कापड पुढे सरकलं, पांढरं, पांढरं, पांढरं. बाराव्या मीटरला गाठ सापडली. दोरा बांधला. शेवटापर्यंत नेलं. सही केली.

ताई दुकानातून थेट आल्या. अंगावर दुकानाचा कोट तसाच होता. बाकावर माझ्या शेजारी बसल्या. मी त्यांना सगळं आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं, कॅलेंडरं दाखवली होती आणि ते पान दिलं होतं, मागची बाजू वर करून. तेव्हापासून त्यांनी मला भिंगबाई म्हटलं नव्हतं.

"अठरा वर्षं," त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी लोकांना डॉक्टरला दाखवा म्हणतेय. गोळी देऊन झाल्यावर."

मला त्यांचा राग यायला हवा होता. तो शोधायला मी मनात उतरले, पण तिथे एवढी गर्दी होती की तो सापडला नाही.

आत बोलावलं. डॉक्टरीणबाईने दार स्वतः लावून घेतलं आणि खुर्ची टेबलाच्या पलीकडे न ठेवता आमच्या बाजूला ओढली. त्यावरूनच मला कळलं.

"गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग आहे," ती म्हणाली. "मी शब्द फिरवत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही असं वाटलं. मला दिसतंय त्यावरून लवकरचा आहे, अजून एकाच जागी. पण आणखी तपासण्या झाल्याशिवाय किती ते सांगणार नाही. ऑपरेशन लागेल. उशीर करायचा नाही, याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात जायचं. मी चिठ्ठी देते."

"मूल?" हे ताईंनी विचारलं.

"काही जणींच्या बाबतीत पिशवी वाचवता येते. काही जणींच्या नाही. यांचं मला आज माहीत नाही." ती माझ्याकडे वळली. "आणखी वर्षभर मोजत बसला असता तर हा प्रश्न विचारायलाही जागा उरली नसती."

ताईंचा हात माझ्या मनगटावर होता. दुकानात नाडी बघतात तसा. त्या मोजत होत्या की नुसता धरला होता, मला माहीत नाही.

बाहेर आलो. ताई चिठ्ठीवरचा पत्ता विचारायला त्या मुलीकडे गेल्या. मी पायरीवर उभी होते. संध्याकाळची रहदारी सुरू झाली होती. फोन वाजला. पलीकडून इंजिनाचा आवाज येत होता, एकसारखा. त्यांच्या कानात फोनची तार असते, दोन्ही हात चाकावर.

"काय गं, आज रिपोर्ट होता ना? मी मघापासून वाट बघतोय." रस्त्याच्या खड्ड्यातून गाडी गेली, आवाज हलला. मग त्यांनी तो नेहमीचा, दाराबाहेरचा, हळू आवाज काढला. "दिसलं का काही?"

"दिसलं," मी म्हटलं.

ते शीळ घालू लागले.

मी ती ऐकली. दोन सूर, तीन सूर. एवढ्या महिन्यांत ती मी इतक्या वेळा ऐकली होती की कुठे श्वास घेतात तेही मला पाठ होतं. ते श्वास घ्यायला थांबले.

"अहो," मी म्हटलं, "आधी गाडी बाजूला घ्या."